तारेने बांधलेलं फाटक

हेलिकॉप्टर दुरुस्तीच्या त्या हँगरमध्ये सगळे ज्यांना दाजी म्हणत, ते खरं तर एकाचेच दाजी होते. बायकोचा धाकटा भाऊ तिथेच मेकॅनिक होता. त्याच्या तोंडची हाक सगळ्यांनी उचलली. दाजींचा कामात हात धरणारं कोणी नव्हतं, पण त्यांना एक खोड होती. वरच्या पंख्यापर्यंत पोहोचायला चाकांचा उंच प्लॅटफॉर्म लावत. त्याच्या कठड्याला स्प्रिंगचं छोटं फाटक होतं. माणूस आत शिरला की ते आपोआप लागे आणि दाजींच्या पाठीत रट्टा घाली. म्हणून दाजींनी ते तारेने बांधून कायमचं उघडं ठेवलं होतं.

सुरक्षेच्या तपासणीला येणाऱ्या बाईंनी ते पाहिलं.

"दाजी, ही तार कशाला?"

"बाई, दोन्ही हातांत हत्यारं असतात. त्यात हे फाटक सासूसारखं पाठीमागे लागतं!"

"दाजी, माझी आई आहे ती!" मेहुणा खालून ओरडला.

बाई हसल्या, पण मुद्दा सोडला नाही. "हत्यारं पिशवीत घाला, दोरीने वर ओढा. स्प्रिंग कडक असेल तर तक्रार लिहा. त्रास होतो म्हणून राखणदारालाच बांधायचं?"

"वीस वर्षांत कधी पडलो नाही."

"पडायला वीस वर्षं लागत नाहीत, दाजी."

बाईंनी तार सोडली. त्यांची पाठ वळताच दाजींनी ती पुन्हा बांधली.

गुरुवारी सकाळी मेहुणा त्याच प्लॅटफॉर्मवर पंख्याचे बोल्ट आवळत होता. दाजी खाली यादी घेऊन उभे होते.

"सगळ्या बोल्टांवरच्या रंगाच्या खुणा एका रेषेत आल्यात का? जरा लांबून बघ!"

मेहुणा एक पाऊल मागे सरला. पाठीशी कठडा असेल, असंच त्याला वाटलं. पण तिथे उघडं फाटक होतं! हातातला पाना खणकन खाली पडला. कसाबसा कठड्याचा दांडा कोपरात अडकला आणि तो लोंबकळत राहिला.

"सोडू नकोस!" दाजी धावले. त्याचे पाय खांद्यावर घेऊन त्यांनी त्याला हळूहळू खाली उतरवलं.

कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं. पण दाजींची नजर कोपऱ्यातल्या दोन डब्यांवर गेली. बायकोने सकाळी दोन डबे भरून दिले होते, एक नवऱ्याला, एक भावाला. एक डबा तसाच परत नेला असता तर तिला काय सांगितलं असतं?

त्या दिवशीही तपासणीला आलेल्या बाई धावत आल्या. "तार कुणी बांधली?"

दाजींना वाचवायला मेहुणाच पुढे झाला. "बाई, मी..."

"गप्प बस!" दाजींनी त्याला अडवलं. "तार माझी आहे. चूकही माझी."

त्यांनी पक्कड घेऊन तार तोडली आणि आयुष्यातली पहिली तक्रार लिहिली: 'फाटकाची स्प्रिंग फार कडक आहे.' चौथ्या दिवशी नवी स्प्रिंग आली. एवढंच तर करायचं होतं!

अपघाताच्याच संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं होतं. ती उठली आणि शिवणयंत्र काढून बसली. दुसऱ्या सकाळी दोन डब्यांशेजारी जाड कापडाच्या दोन पिशव्या होत्या, हत्यारांसाठी नुकत्याच शिवलेल्या.

वाचकहो, आपल्याही कामाच्या जागी असं एखादं फाटक असेल. ते टोचत असेल तर जरूर बोला, दुरुस्त करून घ्या, पण बांधून ठेवू नका. आपण बांधलेल्या तारेपाशी पाय दुसऱ्याचाच घसरतो.

दाजी आता आधी चाकांचे ब्रेक दाबतात, रिकाम्या हातांनी वर चढतात. मागे फाटक लागल्याचा आवाज आला की मगच खाली हाक मारतात, "हं, दे आता पिशवी!"