डावी कड

“मधलं तर काळं कुळकुळीत आलंय की,” नवरा म्हणाला. गब्बूला कडेवर घेऊन तो कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकावत होता.

“मधलं येणारच. कोपऱ्यात बघ.”

हॉलच्या भिंतीवर तिने वर्तमानपत्राची चार पानं चिकटपट्टीने शेजारीशेजारी लावली होती आणि दुपारी गब्बू झोपल्यापासून ती त्यांचेच फोटो काढत होती. मधल्या एका पानावर कुणा पुढाऱ्याचं भाषण होतं. ते स्वल्पविरामासकट वाचता येत होतं. कोपऱ्यात छोट्या जाहिराती होत्या. ‘हरवले आहेत’ एवढं कसंबसं लागत होतं, पण कोण हरवलंय ते काही केल्या कळेना. ओल्या शाईवरून कुणी बोट ओढावं तशा प्रत्येक अक्षराला शेपट्या फुटल्या होत्या.

“हरवलेल्या माणसाची जाहिरात आहे, जरा धूसरच असणार,” तो म्हणाला.

ती हसली नाही. तिने शेजारी कालचा फोटो उघडला. रुग्णालयाचा तान्ह्या बाळांचा अतिदक्षता कक्ष. मध्ये टेबलाभोवती सात सिस्टर, एकेकीची भुवईसुद्धा मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. आणि अगदी डाव्या कडेला, दाराजवळच्या बेसिनपाशी, एक बाई. पांढरे केस, निळा कोट, आणि चेहऱ्याच्या जागी एक लांबट डाग.

“या कोण?”

“मावशी. एकतीस वर्षं त्या वॉर्डात आहेत. परवा त्यांची शेवटची ड्यूटी. म्हणून तर हा फोटो काढतायत, आठ फुटी, बाहेरच्या भिंतीवर लावायला.” तिने डाग मोठा केला, तो आणखी मोठा डाग झाला. “मला वाटलं होतं माझा हात हलला. हात नाही हलला. लेन्सच तशी आहे.”

तिच्याकडे लेन्स दोन होत्या. दोन्ही सारख्याच उघडायच्या, दोन्हींतून सारखाच उजेड आत यायचा. एक होती रणगाडा. किलोभर वजनाची, मनगटाएवढी जाड. लग्नाआधी दोन वर्षं पैसे साठवून घेतलेली. दुसरी डबी. तळहातात मावेल एवढी, वजन रणगाड्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. गब्बू झाल्यावर तिच्या उजव्या हाताला काही झालं नाही, पण डाव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ सुरू झाली की दुधाच्या बाटलीचं झाकण उघडेना. डॉक्टरांनी पट्टा दिला, वर हसून म्हणाले, “बाळ किंवा लेन्स, दोन्हींपैकी एकच उचला. नाहीतर छोटं ऑपरेशन.” मग रणगाडा कपाटात गेला आणि डबी आली.

डबीवर तिचा राग नव्हता. गब्बूचे सगळे फोटो डबीचेच, आणि ते छान होते, कारण गब्बू कायम मधोमध असायचा. पण अंधारात दिसायचं तर काच रुंद लागते, आणि रुंद काचेच्या कडेने शिरलेला किरण वाट सोडतो. त्याला वाटेवर आणायला आत आणखी एक काच बसवायची, तिची चूक निस्तरायला तिसरी, तिसरीची चौथी. असं करत करत रणगाडा होतो. डबी करणाऱ्यांनी मधल्या काचा वाचवल्या होत्या आणि कडेवर पाणी सोडलं होतं. उरलेलं कॅमेरा आपला आपण ओढूनताणून सरळ करायचा. मावशींचा चेहरा त्या ओढाताणीतही सापडला होता.

“मावशींना मध्ये उभं कर ना मग,” नवरा म्हणाला. “मिटलं.”

“बघते,” ती म्हणाली. गब्बूने पडद्यावरच्या डागावर पंजा मारला.

स्टुडिओवाले काका, ज्यांच्याकडे ती कॉलेज संपल्यापासून काम करत होती, दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, फक्त जास्त जोरात. “कडेला माणूस ठेवायचाच नाही! पडदा ठेव, खिडकी ठेव, कुंडी ठेव. मी जन्मभर हेच केलं.”

“तिथे कुंडी नाहीये काका. मावशी आहेत.”

“मग एक पाऊल मागे जा. सगळी मंडळी मध्ये येतील.”

“मागे भिंत आहे.”

“लेन्स थोडी मिटून काढ. मिटली की डबीसुद्धा शहाण्यासारखी वागते.”

“मिटली की उजेड कमी. फ्लॅश चालत नाही, बाळांचे डोळे आहेत. आणि त्या बायकांचे हात एक क्षण थांबत नाहीत. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, आम्हाला शाळेसारखं ओळीत उभं करायचं नाही, शिफ्ट बदलताना काढा.”

“कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढव.”

“आठ फुटांवर वाळू सांडल्यासारखे दाणे दिसतील.”

“स्टँड?”

“जमिनीवर काही टेकवू देत नाहीत. मशिनांच्या वायरी असतात.”

काकांनी चष्मा काढून पुसला. त्यांचे उपाय संपले की ते चष्मा पुसत. “म्हणजे तू ठरवूनच आलीयेस. घे रणगाडा. पण हात तुझा आहे हो. उद्या सूनबाईचा हात मोडला म्हणून तुझ्या सासूबाई माझ्या दारात यायला नकोत.”

सासूबाई गब्बूला सांभाळायला आल्याच होत्या. निघताना त्यांनी रणगाड्याची पिशवी हातात धरून पाहिली आणि खाली ठेवली. “अगं, यात काय दगड भरलेत?”

“काचा आहेत, आई.”

“फोटो म्हटला की माझं तर आपलं मधल्याकडेच लक्ष जातं.”

“हो ना,” ती म्हणाली आणि पिशवी उजव्या खांद्याला लावली. दारातून दोनदा परत आली. एकदा तापाचं औषध कुठे आहे ते सांगायला, एकदा तेच पुन्हा सांगायला.

शेवटच्या ड्यूटीला मावशी नेहमीसारख्या बेसिनपाशी उभ्या होत्या. आत येणाऱ्या प्रत्येकाने कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मावशींनी मोजायचं, तीसपर्यंत. मोठे डॉक्टर सतरावर निघाले तर त्यांनाही परत फिरवलं जायचं.

“मावशी, आज तुम्ही टेबलापाशी, सगळ्यांच्या मध्ये उभ्या राहाल का? फोटोपुरतं?”

“आणि इथे कोण?”

“पाचच मिनिटं.”

“ताई, मी हलले की या सगळ्या दहावर आटपतात.” मावशींनी नळाकडे बोट केलं. “तुमचा फोटो आज आहे. ती बाळं उद्याही आहेत. माझी जागा ही. येत असेल फोटोत तर येऊ दे, नाहीतर राहू दे.”

त्यात रुसवा नव्हता. भिंत कुठे आहे ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं होतं.

“येईल,” ती म्हणाली.

“बरं. पट्टा काढा.”

“अं?”

“हाताचा. कोपराच्या खाली काही चालत नाही. घड्याळ, अंगठी, पट्टा. काढा.”

हे मात्र तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मागच्या वेळी ती डबी घेऊन आली तेव्हा हात बरा वाटत होता, पट्टा घरीच राहिला होता. आज पट्ट्याच्या भरवशावरच तर तिने रणगाडा आणला होता. तिने पट्टा सोडवला. अंगठा उघडा पडला, मुळाशी सुजलेला. पाण्याखाली धरताना तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

मावशी मोजता मोजता थांबल्या. एकतीस वर्षांत बहुतेक पहिल्यांदाच. “बाळ किती महिन्यांचं?”

“आठ. तुम्हाला कसं…”

“बगलेत दोन अंगठे रोवून उचलता ना? असं?” मावशींनी हवेतलं बाळ उचललं, अगदी ती गब्बूला उचलते तसंच. “सगळ्या असंच उचलतात. अंगठा निकामी करून घेतात. इकडे बघ पोरी.” ताई कधी गेली आणि पोरी कधी आली ते दोघींनाही कळलं नाही. मावशींनी स्वच्छ टॉवेलची गुंडाळी तिच्या हातावर ठेवली. “तळवे वर. अंगठा बोटांना चिकटलेला, त्याला सुट्टी. खालून जायचं. कोपर पोटाशी. वजन हाताने नाही तोलायचं, अंगाने तोलायचं. हं. दुखतंय?”

“नाही.” तिने गुंडाळी वरखाली केली. “नाही हो!”

“किती बाळं उचलली असतील मावशी तुम्ही?” तिने विचारलं.

“मोजली नाहीत. मी आपली तीसपर्यंत मोजते.”

इतकी वर्षं तिने रणगाडा मध्यावर पकडून धरला होता, एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला बोटं, कारण अंगठ्याने लेन्सवरचं कडं फिरवून फोकस जुळवायची तिला सवय होती, आणि त्या सवयीचा अभिमानही. आता तिने तळवा वर केला, लेन्स त्यावर निजवली, कोपर बरगडीला टेकवलं. कडं फिरवायचं काम कॅमेऱ्यावर सोपवलं. टेबल आणि बेसिन सारख्याच अंतरावर येतील अशी जागा तिने मागच्या वेळीच पावलं मोजून हेरली होती. त्या जागी भिंतीला पाठ लावून ती उभी राहिली.

शिफ्ट बदलली. जाणाऱ्या सिस्टर येणाऱ्यांना काचेच्या पेट्यांतल्या एकेका बाळाची माहिती देऊ लागल्या. “चौथी पेटी, चौदाशे ग्रॅम, दूध वाढवलंय.” “सहावी, रात्री दोनदा श्वास विसरली, पायाला टिचकी मारली की आठवतो.” कागद फिरत होते, बोटं फिरत होती, कुणाची मान या पेटीकडे, कुणाची त्या.  ते ऐकून तिला घरी फोन करावासा वाटला. तिने केला नाही. दहा मिनिटं झाली. पंधरा. अंगठा नाही, पण आता दंड भरून आला. तिने कोपर आणखी आत दाबलं. फोटो मिळत होते, चांगले होते, पण ज्याच्यासाठी आठ फूट भिंत द्यावी असा एकही नव्हता. मावशी प्रत्येक फोटोत होत्या, पाठमोऱ्या किंवा खाली बघत.

आठवी सिस्टर, सगळ्यांत तरुण, उशिरा धावत आली. घाईघाईने हात धुतले, नळ बंद केला आणि टेबलाकडे वळणार, तोच—

“चोवीस!”

मावशींचा आवाज खोलीभर गेला. ओला हात वर, तोंड उघडं, डोळे त्या पोरीच्या पाठीवर रोखलेले. टेबलाभोवतीच्या साती जणी एकदम वळल्या आणि एकदम हसल्या. ती पोरगी जिभेचं टोक चावून जागच्या जागी थबकली.

तिने बटण दाबलं. मग दंडातली ताकदच संपली आणि कॅमेरा इन्चार्ज सिस्टरने हातातून काढून घेतला.

“मिळाला का हो, फोटोवाल्या मॅडम?”

“घरी जाऊन बघते,” ती म्हणाली. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या एवढ्याशा पडद्यावर सगळेच चेहरे चांगले दिसतात, हे ती एकदा शिकली होती.

घरी गब्बूने दोन्ही हात पसरले. तिने खालून हात घालून त्याला उचललं. तो क्षणभर गोंधळला, हे कुठलं नवीन वाहन म्हणून, आणि मग कोपरात मान टाकून बसला. त्याला तसंच धरून तिने फोटो उघडला, डावी कड मोठी केली, आणखी मोठी केली, आणि खुर्चीत टेकली.

मोठे फोटो छापणाऱ्याचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. बसएवढं लांब यंत्र आवाज करत कागद बाहेर ढकलायचं, मिनिटाला दोन बोटं. फोटो उजवीकडून निघायला लागला.

“ताई, तयार चौकट घेतली तर डावीकडचं वीतभर कापावं लागेल,” छापणारा म्हणाला. लांब सुरी त्याच्या हाताशीच होती. “काही बिघडत नाही. माणसं सगळी मध्येच आहेत ना?”

“कापायचं नाही.”

“चौकट वेगळी बनवावी लागेल मग. वेळ जाईल.”

“जाऊ दे.”

त्याने खांदे उडवले आणि चहाला जायला निघाला. ती बसली नाही. कागदावर पेट्या आल्या, एका पेटीतलं सुपारीएवढं पाऊल आलं. मग एक सिस्टर आली हसत, दुसरी आली हसत, तिसरी, चौथी. छापणारा चहा पिऊन परत आला.

“काय झालं यांना? एवढ्या हसतायत कशाला?”

ती कागदावर वाकली.

जीभ चावलेली पोरगी आली. सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला, अजून कोऱ्या असलेल्या कागदाकडे.

“आणि बघतायत कुणाकडे?”

“येईल,” ती म्हणाली.

यंत्र थांबत, ढकलत राहिलं. आधी हात आला. ओला, पाचही बोटं वेगळी, मनगटावरून ओघळणारा थेंब गोल आणि पुरा. मग कपाळावरची बट, मग एक डोळा, मग दुसरा, डोळ्यांखालच्या सुरकुत्या एकेक करून. चेहरा पूर्ण आला आणि त्याच्यामागून बेसिनची पांढरी कड, आणि कागद संपला.

छापणारा वाकून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने सुरी उचलली, खणात ठेवली आणि मोजपट्टी घेऊन नव्या चौकटीची मापं घ्यायला लागला. डावीकडून.