बाबांच्या रागाचे हक्क

मेंदूचा झटका आला आणि बाबांचं बोलणं गेलं. दोन शिव्या तेवढ्या शाबूत राहिल्या. पण दोन शिव्यांवर घर चालत नाही. पाण्यालाही त्याच आणि उशी सरळ करायलाही त्याच, म्हटल्यावर घरच्यांनी आणायचं काय?

म्हणून ताईने चित्रं काढली. बोलणं हरवलेल्यांना पुन्हा बोलतं करणं हे तिचं हॉस्पिटलातलं कामच होतं. जाड पुठ्ठ्याच्या कार्डांवर काळ्या पेनाने चष्मा, चहा, उशी, दुखरा खांदा. सगळ्यात जास्त झिजलं ते 'मला एकटं सोडा'चं कार्ड. त्यावर भुवया चढवलेला, ओठ मुडपलेला बाबांचाच चेहरा होता. बाबा ते कार्ड तोंडासमोर धरायचे तेव्हा दोघांपैकी चित्रातले बाबा जरा समजूतदार वाटायचे.

ताईने तशीच कार्डं हॉस्पिटलात नेली, तर तिच्या वॉर्डातले पेशंटही त्याच कार्डावर बोट ठेवू लागले. माणूस अनोळखी होता, पण राग ओळखीचा होता.

धाकटा भाऊ मेंदूचा डॉक्टर. त्याने या कार्डांवर शोधनिबंध लिहिला, ताईचं नाव स्वतःच्या आधी घातलं आणि एका वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवला. निबंध स्वीकारला गेला आणि हक्कांचा फॉर्म आला. लेखाचे सगळे हक्क प्रकाशकाला द्यायचे, हे ठीकच, सगळेच देतात. पुढे प्रश्न होता, यातली चित्रं आधीपासून कुणाच्या मालकीची आहेत का? 'होय' म्हटलं की आणखी एक फॉर्म उघडत होता. त्यावर ताईने सही केली असती, तर चित्रं तिचीच राहिली असती आणि प्रकाशकाला फक्त छापायची मुभा मिळाली असती. भावाने फोन लावला. ताई बाबांना भरवत होती.

"ताई, सगळ्यांच्या वतीने मीच करून टाकू का सही?"

"कर रे, काय करायचं ते कर. इथे यांनी माझ्या अंगावर घास थुंकलाय."

त्याने 'नाही' निवडलं. दुसरा फॉर्म उघडलाच नाही. त्याला फार हलकं वाटलं.

पुढे बाबा गेले. त्यानंतर हॉस्पिटलला सुचलं, की ही कार्डं छापून प्रत्येक पेशंटला द्यावीत. हॉस्पिटलच्या वकिलाने विचारलं, हक्क कुणाकडे आहेत?

भावाने प्रकाशकाला पत्र लिहिलं. उत्तर अतिशय सभ्य होतं. आपलं या चित्रांशी नातं काय, असं त्यांनी विचारलं. त्याने 'मुलगा' असं कळवलं. तसा पर्याय त्यांच्याकडे नव्हता. अखेर परवानगी मिळाली. वर्षभरापुरती, चित्रात काहीही न बदलता, आणि प्रत्येक चित्राखाली 'प्रकाशकाच्या परवानगीने' असं ठळक छापण्याच्या अटीवर.

ताईने ते पत्र स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं.

"म्हणजे बाबांनी चिडायचं, तेही प्रकाशकाच्या परवानगीने?"

"एकच ओळ आहे गं. बारीक करून मागू."

"माझ्या पेशंटना आता वाचता येत नाही. अक्षर दिसलं की नजर तिथेच अडकते, मग रडू. म्हणून तर नुसती चित्रं काढली. तूच लिहिलंयस ना निबंधात?"

लिहिलं होतं. दुसऱ्याच पानावर, आणि चांगलं लिहिलं होतं. ते वाक्यही आता प्रकाशकाचं होतं.

"मग बाबांचाच चेहरा पुन्हा काढ ना."

"काढला तर तोच येणार. हात तोच आहे. आणि तो चेहरा आता त्यांचा."

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने टेबलावरची भांडी बाजूला सारली आणि कोरा कागद घेतला.

"बस समोर. चीड."

"कशावर?"

"कारण कशाला लागतंय? बाबांचाच ना तू?"

त्याने भुवया चढवल्या, ओठ मुडपले.

"इतका बाबांसारखा नको दिसूस. केस होईल."

तो हसला. ती हसली नाही. पेन चालत राहिलं. त्याने चिडण्यासारखं काय काय आठवून पाहिलं, वरिष्ठ, पार्किंग, शेजाऱ्यांचा कुत्रा. पण ताईने मान वर करून बघितलं की भुवया आपोआप खाली यायच्या.

तिने कागद त्याच्याकडे फिरवला. चित्रातला माणूस कुणाच्या तरी पायांकडे बघत होता.

"हे कुठलं कार्ड?" त्याने विचारलं.

"कुणालाच न लागणारं. माफी मागायला बोलावत नाहीत रे मला पेशंट. त्यांना पाणी हवं असतं."

तिने तो कागद पालथा घातला आणि दुसरा घेतला.

"मान वर. बाबा कसे बघायचे, आठव."

त्याला अगदी नेमकं आठवत होतं. चेहऱ्यावर मात्र काही केल्या येत नव्हतं. ताई पेन उघडून वाट बघत बसली.