माणशी तीन मिनिटं

मी टायमर बोलतोय. भिंतीवरच्या घड्याळाशी माझी गल्लत करू नका हं! ते वेळ सांगतं, मी वेळ संपवतो. अमेरिकेतल्या एका डोंगरी गावाच्या नगरसभेत, बोलणाऱ्याच्या अगदी नाकासमोर मला बसवलंय. हिरवा दिवा लागला की बोला, पिवळा लागला की आवरा, लाल लागला की खाली बसा. माणशी तीन मिनिटं. मी कुणाचाही मुलाहिजा ठेवत नाही.

ऑड्रा सहा महिने दर सभेला यायची. तिची एकुलती एक मुलगी टेस लाँड्रीत कामाला होती. तिथंच एका सोळा वर्षांच्या पोराच्या गोळीनं ती गेली. बंदूक त्यानं काकाच्या कपाटातून उचलली होती, पण गोळ्या गावातल्या दुकानातून विकत आणल्या होत्या. ऑड्राचं मागणं एवढंच होतं: गोळ्या कुलपात ठेवा, आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय कुणाला विकू नका.

बाई शाळेत ग्रंथपाल, त्यामुळे आधी कायद्याची कलमं, मग आकडे, सगळं शिस्तीत. लेकीचं नाव ती शेवटी ठेवायची, आणि शेवट यायच्या आत मी लाल व्हायचो. दर वेळी! खरं सांगतो, मला माझीच चीड यायची.

तिच्या मागणीच्या ठरावावर मतदान होतं त्या संध्याकाळी हॉल खचाखच भरला. निम्म्या डोक्यांवर शिकारीच्या केशरी टोप्या, सगळे विरोधातले. ऑड्रा उभी राहिली, कलमं वाचू लागली, आणि झालं, मी पुन्हा लाल.

"वेळ संपली, ऑड्रा," अध्यक्ष हळूच म्हणाले.

पुढचं नाव वेंडेलचं. रायफल क्लबचा म्होरक्या, आवाज असा की माईकची गरज नाही. त्यानं टोपी काढली.

"माझी तीन मिनिटं तिला द्या."

आमच्याकडे तसं करता येतं. पण लोक आपली मिनिटं आपल्या माणसाला देतात, विरोधकाला कोण देतो?

"वेड लागलं का रे तुला?" मागून क्लबातलाच अर्ल ओरडला. "तू आपल्या बाजूचा ना?"

"आहेच! हा ठराव मला काडीचा पटत नाही. पण बाईचं बोलणं सहा महिने अर्धंच राहतंय. गप बस की जरा!"

मी हिरवा झालो. ऑड्रानं कागद बाजूला ठेवले.

"दुकानदारानं त्या पोराला एकच प्रश्न विचारला," ती म्हणाली. "पिशवी कागदाची देऊ की प्लास्टिकची? त्याऐवजी वय विचारलं असतं, तर माझी टेस आज वीस वर्षांची असती."

एवढं बोलून ती जागेवर जाऊन बसली. माझं बटण सांभाळणाऱ्या ग्लॅडिसबाई डोळे पुसत राहिल्या आणि मला बंद करायचंच विसरल्या.

ठराव अवघ्या एका मताच्या फरकानं मंजूर झाला.

दाराशी वेंडेलनं तिला गाठलं. "मी अजून विरोधातच आहे हं."

"माहीत आहे मला."

"पण दुकानात ओळखपत्र दाखवीन. शिव्या घालत दाखवीन, पण दाखवीन!"

ऑड्रा चक्क हसली. काय माणसं आहेत ही!

आता माझा पिवळा दिवा मिणमिणतो. लवकरच माझ्या जागी भिंतीवर मोठा पडदा येणार आहे. येऊ दे. जाता जाता एकच सांगतो: भांडा, अगदी कडाकडा भांडा. पण समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्या.