लेखक : भाऊराव इंगळे, उंद्री

“पन गोळ्या बंद कराले आईले सांगतलं कोनं?” अश्वजितनं फोनवर विचारलं.

पलीकडून धाकटी बहीण धम्मशीला म्हणाली, “बाबानं.”

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

अश्वजितसमोरच्या पडद्यावर हिरव्या खुणा उमटत होत्या. बुलडाण्यात देवानंदच्या ऑफिसात त्याचं कामच ते. गिऱ्हाईक ठिबकवाला असो की मंगल कार्यालयवाला, त्याच्या धंद्यावर एक लेख लिहायचा, सॉफ्टवेअरमध्ये घालायचा आणि बटण दाबायचं. सॉफ्टवेअर तोच लेख इंटरनेटवरच्या शेकडो लेख-डिरेक्टऱ्यांत, म्हणजे कुणाचाही लेख फुकट छापणाऱ्या साइटींवर, टाकून येई आणि पोचलेल्या दर लेखामागे हिरवी खूण उमटवी. मग गूगलवर गिऱ्हाइकाचं नाव वर सरके. हे लेख कुणी माणूस बसून वाचत असेल, असं अश्वजितच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

अडचण एकच होती. तेच तेच लेखकाचं नाव दिसलं की डिरेक्टऱ्या लेख परत पाठवत. म्हणून दर वेळी नवं नाव लागे. मित्र, मेहुणे, शाळेतले मास्तर, सगळे बिचारे नकळत लेखक होऊन गेले. मागच्या महिन्यात शुगरवरच्या एका चूर्णाचं काम आलं, तेव्हा नावं संपली होती आणि त्यानं बाबांचं टाकलं. ‘लेखक : भाऊराव इंगळे, उंद्री. आरोग्यसेवेचा प्रदीर्घ अनुभव.’ त्यात खोटं काही नव्हतं. बाबा जन्मभर गावातल्या दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टरनं दिलेली गोळीसुद्धा लोक आधी भाऊरावांना दाखवत आणि मग गिळत. आपल्या बापाचं नाव आता जगभर फिरणार, या विचारानं त्या दिवशी अश्वजितला चक्क भरून आलं होतं.

लेखात एक वाक्य चूर्णवाल्यानं हट्टानं घालायला लावलं होतं. हे चूर्ण सुरू केलं की गोळ्या सोडता येतात.

गावी शेजारच्या सुनेला तो लेख मोबाईलवर दिसला आणि तिनं कौतुकानं तानाबाईंना, म्हणजे अश्वजितच्या आईला, वाचून दाखवला. आईनं नवऱ्याचं नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग चूर्ण मागवलं आणि शुगरच्या गोळ्या फडताळात ठेवून दिल्या. आज सकाळी ती अंगणात कोसळली. धम्मशीलानं तिला चिखलीच्या दवाखान्यात नेलं होतं, पण ती हाकेला ओ देत नव्हती.

अश्वजितनं सॉफ्टवेअरची सगळी बटणं धुंडाळली. देवानंद मागे येऊन उभा राहिला.

“अबे, याच्यात पाठवाचं बटन आहे. वापस बोलवाचं नाही,” तो म्हणाला. “तू पह्यले आईकडे जाय.”

बसमध्ये अश्वजित बाबांचं नाव शोधत बसला. जिथं पाहावं तिथं भाऊराव इंगळे. एरवी एवढी पानं दिसली असती तर तो खूश झाला असता. आता ती संपता संपत नव्हती. आपल्या आईसारखी आणखी कुणाकुणाची आई हे वाचत असेल? आणि आपली आई? धम्मशीलाचा फोन वाजला की काळजात धस्स होई, आणि वाजला नाही की त्याहून जास्त.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं, पण अजून काही सांगता येत नाही. तो खाटेशेजारी बसून राहिला. दिवस कलला तेव्हा कुठं आईनं डोळे उघडले. तिनं चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून त्याला ओळखलं. नजर अजून धूसरच होती.

“मले वाटलं, तुह्या बाबानं आधीच लिहून ठेवलं असंन,” ती म्हणाली. “म्हनलं, गेल्यावरबी काळजी करून राह्यला मानूस.”

“आई, ते म्या लिहिलं. बाबाचं नाव फक्त टाकलं.”

आईनं मान भिंतीकडे वळवली. तिनं चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

“त्यानं कोनाची गोळी कधी चुकू देल्ली नाही,” ती म्हणाली. “त्याचं नाव काढून टाक तिथून.”

तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. सॉफ्टवेअरचा इथं काही उपयोग नव्हता. मोबाईलवर एकेक डिरेक्टरी उघडून तो लिहू लागला, की लेख चुकीचा आहे, मी लेखकाचा मुलगा, कृपया काढून टाकावा. पहिलं उत्तर लगेच आलं. ‘लेख मागे घेण्याची विनंती लेखकानेच करावी. भाऊराव इंगळे यांनी स्वतः संपर्क साधावा.’

आतून आईनं क्षीण आवाजात विचारलं, “काढलं का रे?”

“काढून राह्यलो, आई.”

त्यानं डोळे पुसले, आधी लिहिलेलं सगळं खोडलं आणि नव्यानं सुरुवात केली. ‘मी भाऊराव इंगळे, कंपाउंडर, उंद्री. कुणीही आपल्या गोळ्या बंद करू नयेत.’