पान एक्केचाळीस

कश्मिराने शेवटचा गज ओढला, सारंगी खांद्यावरून उतरवली आणि टाळ्या पडल्या. खाली पिठाची गिरणी चालू होती. तिच्या घरघरीने सारंगीच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारा, अजून गुणगुणत होत्या.

झाशीतल्या खंडेराव गेटजवळची ही वरच्या मजल्यावरची खोली म्हणजे आमचं लोकवाद्य मंडळ. दर रविवारी सकाळी इथे बुंदेली सारंगी शिकवतात, म्हणजे कश्मिरासारखे जे चार-पाच जण येतात त्यांना शिकवतात. त्या रविवारी मात्र वीस माणसं होती, कारण गुरुवारी मंडळाचं पुस्तक छापायला जायचं होतं. एकशे बारा धुना, स्वरलिपीसकट. मुखपृष्ठावर खाली बारीक अक्षरात, संकलन: स्नेहलता.

स्नेहलता भिंतीशी वही मांडीवर घेऊन बसली होती. सदुसष्ट वर्षांची बाई. घराणं मराठी, पण झाशीतलंच, सहा पिढ्यांपासूनचं. छत्तीस वर्षं तिने एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसरची नोकरी केली. साहेबांनी काढलेलं चित्र पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचं, एवढंच काम. साहेबाची रेघ हलली असेल तर ती मुकाट्याने सरळ करायची. त्याबद्दल तिला दोनदा शाबासकीपत्र मिळालं होतं. नाव मात्र एकाही नकाशावर आलं नाही. ट्रेसरचं नाव कोण घालतो? हे पुस्तक तिच्या नावाचं पहिलंच.

पुढच्या खुर्चीत जगन्नाथ कक्का होते. ऐंशीच्या पुढचे, समथरहून बसने आणलेले, फोटोसाठी. सारंगी वाजवण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता डावा हात थरथरतो, तार धरवत नाही. त्यांनी कश्मिराला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला.

"भौत साफ बजाई, बिन्नू. जा धुन किनकी आय?"

धून कुणाची, असं ते विचारत होते. कुणीतरी फिस्सकन हसलं. धून त्यांचीच होती. वहीच्या एक्केचाळिसाव्या पानावर स्नेहलताच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: बिदाईची धून, जगन्नाथ, समथर.

मंडळाचे अध्यक्ष श्रीकृष्णराव हे निवृत्त इंजिनीयर, नागपूरहून नोकरीला आले आणि इथेच राहिले. त्यांनी मोठ्या आवाजात सगळ्यांना हिंदीत समजावलं की कक्कांचं वय झालं, आता विसरायला होतं. मग समोसे आले. फोटो निघाले.

स्नेहलताने समोसा बशीत तसाच ठेवला. हा म्हातारा काही विसरत नव्हता. सकाळी जिन्यात भेटल्याबरोबर त्याने तिच्या गुडघ्याची चौकशी केली होती. नऊ वर्षांपूर्वी मोडलेला गुडघा, आणि कोणता तेही त्याला आठवत होतं.

माणसं पांगल्यावर तिने कक्कांना थांबवून घेतलं, पेटी पुढे ओढली आणि तीच धून गुणगुणायला सांगितली. कक्का गायले. गळा फाटका होता, पण सूर पक्का. दुसऱ्या ओळीत जिथे आवाज खाली येतो तिथे तिने पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. आवाज त्या पट्टीच्या जरासा खाली राहिला. तिने शेजारची काळी दाबली. आवाज त्या काळीच्या जरासा वर होता. पुन्हा गायला लावलं. पुन्हा तेच. म्हाताऱ्याचा सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध उभा होता, आणि तिथे पेटीत लाकडाच्या फटीशिवाय काही नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी ती अशीच पेटी घेऊन गावोगाव फिरली होती. सारंगी तिला येत नव्हती, पेटी येत होती. वाजवणाऱ्याला वाजवायला लावायचं, पेटीवर सूर शोधायचा, वहीत पेन्सिलने लिहायचा. जिथे सूर मध्येच कुठे लोंबकळला तिथे तिने जवळची पट्टी लिहून टाकली. तिला वाटलं, खेडवळ हात आहे, हलला असेल. रेघ सरळ केली, झालं.

"कक्का, तेव्हाच का नाही सांगितलंत?" ती मराठीतच बोलून गेली, मग हिंदीत विचारलं.

कक्का थोडे शरमले. जणू चूक त्यांचीच होती.

"आप लिख रईं हतीं, बाईसाब. हम का कैते?"

आपण लिहीत होतात, आम्ही काय बोलणार. ज्याला अक्षर येत नाही तो लिहिणाऱ्यापुढे गप्प बसतो, आणि लिहिणारे त्या गप्प बसण्याला होकार समजतात. देशभरातल्या कचेऱ्या याच होकारावर चालतात. आमचं मंडळही त्याच्यावरच चाललं होतं, आणि वर आम्ही म्हणत होतो की आम्ही कला वाचवतोय.

कश्मिरा कोपऱ्यात सारंगीवर फडकं गुंडाळत होती. मराठी तिला सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत देते. ती हळूच म्हणाली, "मावशी, मैंने तो जैसा लिखा है, वैसा ही बजाया."

"हो गं. तेच तर."

संध्याकाळी स्नेहलता श्रीकृष्णरावांच्या घरी गेली आणि पुस्तक थांबवा म्हणाली. त्यांनी चहा मागवला, नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. फक्त त्याला समारंभ आवडतात. पाहुण्यांना निमंत्रणं गेली आहेत, लखनौहून अधिकारी येणार आहेत, असं त्यांनी सांगितलं. चूक असेल तर एकाच धुनेत असेल, असंही सुचवून पाहिलं. तिने सांगितलं की सगळ्यांतच असेल, कारण पेटी सगळीकडे तीच होती.

"अहो ताई, कुणाला कळणार आहे?"

"ज्यांची धून त्यांना कळलं."

"मग सुधारा ना. वर्षभर घ्या."

"कुणाला विचारून सुधारू? नऊ जणांकडून लिहून घेतल्या. आठ गेले."

श्रीकृष्णरावांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, टाइप केलेली प्रत तर माझ्याकडेच आहे, ती जाईल छापायला. ती म्हणाली, मग माझं नाव काढा.

त्यांनी काढलं. पुस्तक वेळेवर निघालं, गुळगुळीत कागदावर, संकलन श्रीकृष्णरावांचं. अधिकाऱ्याने भाषणात मंडळाला दीपस्तंभ म्हटलं. आज त्या पुस्तकावरून शाळांच्या स्पर्धा होतात आणि मुलं अतिशय साफ वाजवतात.

स्नेहलता समारंभाला गेली नाही. त्या रविवारी ती आणि कश्मिरा मोठ या गावावरून समथरला गेल्या. पेटी नेली नाही. अंगणात बाजेवर कक्का बसले, खाली चटईवर कश्मिरा. सारंगी बोटाच्या टोकाने वाजत नाही, नखाच्या मुळाने तार दाबावी लागते. कक्का गायचे आणि कश्मिराचं नख थरथरत्या हाताने तारेवर केसभर वर सरकवायचे, केसभर खाली. हात थरथरायचा, पण जागा चुकायची नाही. एकदा ती त्या सुरावर नेमकी बसली. कक्का डोळे मिटून पुढची ओळ गाऊ लागले. आत भाकऱ्या थापणारी त्यांची सून दारात येऊन उभी राहिली.

स्नेहलताची पेन्सिल पर्समध्येच राहिली.

दीड वर्ष त्या दर रविवारी जात होत्या. कक्कांच्या वाट्याच्या चौदा धुना होत्या, त्यातल्या अकरा कश्मिराच्या बोटात आल्या. बाकीच्या आठ जणांच्या अठ्ठ्याण्णव आहेत तशाच आहेत, सरळ, सुबक, आणि त्या खऱ्या कशा होत्या हे सांगायला आता कुणी नाही. हे स्नेहलता कुणीही विचारलं तर सांगते. आवाज न बदलता सांगते.

तिने मूळ वहीतली ती चौदा पानं रबराने कोरी केली होती. प्रत्येकावर फक्त धुनेचं नाव ठेवलं आणि खाली एक ओळ लिहिली: ही जगन्नाथ यांच्याकडून ऐकावी.

माघात कक्का गेले. तेराव्याहून परत आल्यावर तिने वही काढली. अकरा पानांवर जगन्नाथ या नावावर रेघ मारली आणि शेजारी कश्मिरा लिहिलं. तीन पानांवर रेघ मारून शेजारची जागा तशीच सोडली. फूटपट्टी टेबलावरच होती. तिने ती घेतली नाही. रेघा जरा वाकड्या आल्या, त्या तिने तशाच राहू दिल्या.