बाबांचे गळलेले ठोके

जीवशास्त्राच्या बाई पुस्तकातून कमी आणि प्रोजेक्टमधून जास्त शिकवायच्या. त्यांचं म्हणणं, देवाची कारागिरी कळायची असेल तर ती हातात घेऊन बघावी, आणि दिसलं तेवढंच लिहावं. आठवीतल्या चिंगीला हे मनापासून पटलं होतं, कारण तिच्या प्रत्येक प्रोजेक्टला घरचा एक हक्काचा गडी असायचा. तिचे बाबा. डेपोची बस चालवून घरी आले की अंगावरचा युनिफॉर्म न उतरवता विचारायचे, "काय डॉक्टरीणबाई, आज कुणाची पाळी?"

पावावरच्या बुरशीसाठी शिळा पाव त्यांनी आणला. पानाची साल भिंगाखाली बघताना बॅटरी त्यांनी धरली. ओल्या कापसातल्या तिच्या दहाच्या दहा बिया उगवल्या, तेव्हा तिच्यापेक्षा तेच जास्त मिरवले.

यंदा विषय नाडीचा. घरातल्यांची नाडी दहा दिवस, रोज पूर्ण मिनिटभर मोजायची. आईची सरळ चालायची, आईसारखीच. दादाची टणाटण उड्या मारायची. बाबांच्या मनगटावर बोटं टेकली की मात्र चार-पाच ठोके पडायचे आणि एक गळायचा.

"बाबा, हे मधेच थांबतं."

"थांबतंय कसलं? तुझं बोट सरकतं. क्लचवरचा पाय सरकला की गाडी आचके देते ना, तसं."

दादाला आयतंच मिळालं. "हिला स्वतःची बोटं मोजता येत नाहीत, ठोके कसले मोजते!"

चिंगीनं घट्ट धरून पाहिलं, सैल धरून पाहिलं, डावा हात झाला, उजवा झाला. तिसऱ्या दिवशी तिला रडूच फुटलं. तेव्हा बाबांनीच तोड काढली. "असं कर, बोट सरकलं की मनातल्या मनात एक धर आणि पुढं चल. ताल सोडायचा नाही."

तिनं ताल सोडला नाही. बाबांचे ठोके रोज सत्तर, एकाहत्तर, सत्तर. आलेख असा सुबक आला की बाईंनी खाली 'उत्तम' लिहिलं, सही केली, शाळेचा शिक्का मारला. चिंगीच्या मनात कुसळ राहिलंच. आईच्या मनगटावर बोट का सरकत नाही? पण बाबा सांगतात म्हटल्यावर खोट आपल्याच बोटात.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "तुझी नाडीची वही माझ्या पिशवीत ठेव गं. उद्या डेपोत ड्रायव्हरांची तपासणी आहे. डॉक्टर म्हातारा, रांग ही एवढी. घोळ घालायला लागला तर नाकासमोर धरीन. शाळेचा शिक्का आहे म्हणावं." एवढं बोलून ते आंघोळीला गेले.

वही पिशवीत सरकवताना तिच्या हाताला एक घडी लागली. बाहेरच्या कुठल्या तरी डॉक्टरची, बाबांच्या नावाची चिठ्ठी, दोन महिन्यांपूर्वीची. ठोके अनियमित. ईसीजी करून घ्यावा. तोवर गाडी चालवू नये. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

माणसानं विश्वासानं कुणाच्या मांडीवर मान ठेवावी आणि केसानं गळा कापला जावा, तसं तिला झालं. ज्यांचं बोट धरून चालायला शिकली, त्यांनीच तिचा तिच्या बोटांवरचा विश्वास उडवला होता.

बाबा केस पुसत आले. तिच्या हातातला कागद बघून त्यांनी आधी दार लोटलं.

"हळू बोल. आई ऐकेल."

"तुम्हाला माहीत होतं."

"अगं, दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. गाडीवरून उतरवलं की डेपोच्या फाटकावर राखणीला बसवतात. बावीस वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही."

"माझ्या बोटांना काही झालंय का, हे मी बाईंना विचारणार होते."

"तुझ्या जिवाला घोर नको म्हणून गं..."

"बियांचंही तसंच?"

हे तिला कुठून सुचलं, देव जाणे. बाबांनी टॉवेल खुर्चीवर टाकला. "तीन कुजल्या होत्या. कामावर जाताना बदलल्या. हिरमुसली असतीस तू."

"बसमध्ये माणसं बसतात, बाबा."

चिंगीनं घड्याळ समोर ओढलं, त्यांचं मनगट धरलं आणि मोठ्यानं मोजायला लागली. गळला तिथं "गेला" म्हणाली. बाबांनी हात काढून घेतला नाही. मिनिट झाल्यावर तिनं बाबांच्या दहा दिवसांच्या सगळ्या आकड्यांवर रेघ मारली. खाली लिहिलं, 'वरचे आकडे खरे नाहीत. ठोके सत्तावन्न, गळलेले तेरा.' चिठ्ठी त्याच पानात घातली आणि वही पिशवीत ठेवली.

"आता दाखवा."

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी मार्क कापले आणि पाठीवर हात ठेवला. "आज तू खरं जीवशास्त्र शिकलीस." चिंगीनं मान डोलावली. तिला ते असं शिकायचं नव्हतं. बुरशी, पानं, बिया, सगळ्या वह्या आता पुन्हा उघडायच्या, आणि यातलं खरं काय हे कुणाला विचारायचं?

बाबांनी वही दाखवली होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी त्यांना गाडीवरून उतरवलं, ईसीजीला पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. आईनं दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी गोळ्यांचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलं.

त्या संध्याकाळी चिंगी टेबलाशी अभ्यास करत होती. बाबांनी बाही वर सारली आणि हात तिच्या वहीशेजारी ठेवला. "बघ गं डॉक्टरीणबाई, आज कसे पडतायत?"

"आईला द्या हात," ती म्हणाली. पुस्तकं गोळा करून आतल्या खोलीत गेली.

हात बराच वेळ टेबलावर तसाच उताणा पडून होता. शेवटी आईनं तो उचलला आणि घड्याळाकडे बघत मोजायला लागली.