दोनातून आठ

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या, हा नियम मोठ्या बाईंचा होता. धुळीने यंत्र बिघडतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि ते चूक नव्हतं. पण मुलुंडच्या आमच्या शाळेतली ती खोली कारखान्यांच्या रस्त्याकडे होती आणि तिच्या खिडकीची काच दोन वर्षांपूर्वी फुटली होती. मी एकदा टेबलावर पांढरा कागद पसरून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्यावरची धूळ मोठ्या बाईंना नेऊन दाखवली. त्यांनी कागदावर बोट फिरवलं, बोट रुमालाला पुसलं आणि म्हणाल्या, "मृणालिनी, तू अजून कॉलेजच्या लॅबमध्येच आहेस."

चपलांचा नियम राहिला. काचही तशीच राहिली.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, त्याच वर्षी, म्हणजे सत्याऐंशीत, या शाळेत तिसरीच्या 'ब' वर्गावर लागले. कॉम्प्युटर ही चंद्रप्रकाशशेठची देणगी. यंत्र म्हणजे एक जाडसर कीबोर्ड, त्याला जोडलेला चौदा इंची टीव्ही आणि शाळेचाच जुना टेपरेकॉर्डर. प्रोग्राम कॅसेटवर असायचा. कॅसेट लावली की किर्र-किर्र असा कान किटवणारा आवाज यायचा आणि त्या आवाजातून प्रोग्राम यंत्रात चढायचा. त्याला चार मिनिटं वीस सेकंद लागत.

अठ्ठावन्न मुलांना चपला काढून रांगेत लावायला चार मिनिटं लागत. घालायला सहा, कारण परत जाताना अदलाबदल व्हायची आणि भांडणं लागायची. तास पस्तीस मिनिटांचा. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला एकवीस सेकंद. मुलं यायच्या आधी प्रोग्राम चढवून ठेवला असता, पण खोलीची किल्ली शिपाई गुणाजीकडे आणि गुणाजी तासाची घंटा दिल्याशिवाय कुलूप उघडायला यायचा नाही.

गुणाजी आधी गिरणीत होता. संपात नोकरी गेल्यावर शाळेत लागला. दसऱ्याला त्याने कॉम्प्युटरला हार घातला आणि प्रत्येक बटणावर हळद-कुंकू वाहिलं. सातच्या बटणाच्या फटीत कुंकू गेलं. तेव्हापासून सात एकदा दाबला की दोनदा उमटायचा.

"अहो गुणाजी, हे काय केलंत?"

"गिरणीत आमी साचे पुजूचे, बाई. पुजल्याशिवाय मशिनीक हात लावूचो नाय."

"पण आता सात चालत नाही ना."

"बाकीचे नऊ चलतत मा?" गुणाजी म्हणाला.

मी प्रोग्राम बदलला. कुठल्याच गणिताच्या उत्तरात सात येणार नाही अशी सोय केली.

तो प्रोग्राम मी जानकीसाठी लिहिला होता. अठ्ठावन्न मुलांसाठी लिहिला असं मोठ्या बाईंना सांगितलं, पण सुरुवात जानकीपासून झाली. भांडुपच्या टेकडीवरून येणारी आठ वर्षांची मुलगी. वर्गात तोंड उघडायची नाही. विचारलं की खाली बघायची आणि फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळायची. तिची वही तपासताना मला एक गोष्ट दिसली. बावन्न वजा अडतीस, तिचं उत्तर सव्वीस. एकसष्ट वजा चोवीस, उत्तर त्रेचाळीस. मी तिच्या मागच्या तीस वजाबाक्या तपासल्या. सत्तावीस चुका होत्या आणि सत्तावीसही एकाच जातीच्या. वर कुठलाही आकडा असो, खाली कुठलाही असो, ती लहान आकडा मोठ्यातून वजा करायची. दोनातून आठ जात नाहीत, तर आठातून दोन. याला धांदरटपणा कसा म्हणणार? तिने एक चुकीचा नियम धरला होता आणि तो ती बिनचूक पाळत होती. वर्गात अशी आणखी अकरा मुलं निघाली.

मला वाटलं, इथेच यंत्राचा उपयोग आहे. चित्रं आणि रंग मुलांना आवडतात, पण या बारा मुलांना कुणीतरी नेमका एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला हवा होता.

यंत्राला इंग्रजी आकडे येत होते, आमच्या मुलांना मराठी. मी आलेखाच्या कागदावर आठ गुणिले आठचे चौकोन पाडून एक ते नऊ आणि शून्य बसवले. पाच बसवताना तीन संध्याकाळी गेल्या. स्वतःची अशी एकवीसच अक्षरं त्या यंत्रात भरता येत होती. दहा आकड्यांत गेली, उरलेल्या अकरात मराठी वाक्य लिहिता येईना. म्हणून मी शब्द सोडून दिले आणि काड्या घेतल्या. वर दोन काड्या, खाली आठ काड्या आणि मध्ये प्रश्नचिन्ह. जातात असं वाटलं तर एक दाबायचं, जात नाहीत असं वाटलं तर शून्य. एक दाबलं की वरच्या दोन काड्या निघून जायच्या, जागा रिकामी व्हायची आणि थोडं थांबून तोच प्रश्न परत यायचा. शून्य दाबलं की शेजारची दहाची एक जुडी सुटून दोन काड्यांत येऊन मिळायची.

मधल्या सुट्टीत मी त्या बारा जणांना चार-चार करून न्यायला लागले. गुणाजीला विनवण्या करून किल्ली घ्यायची. पहिल्या दिवशी जानकीने अकरा वेळा एक दाबला. अकरा वेळा काड्या गेल्या, जागा रिकामी झाली आणि प्रश्न परत आला. बाराव्या वेळी तिने शून्य दाबला. जुडी सुटली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, ती फुटली!" मी तिचा आवाज पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला.

दोन आठवड्यांत यंत्रावर तिची दहातली आठ गणितं बरोबर यायला लागली. वहीत मात्र अजून दहातली तीन. अजून महिनाभर मिळाला तर वहीतही उतरेल असा माझा अंदाज होता.

डिसेंबरात मोठ्या बाईंनी बोलावलं. "शनिवारी शेठजी येतायत. हायस्कूलवाले मागे लागलेत, कॉम्प्युटर आम्हाला द्या म्हणून. प्राथमिकची मुलं त्यावर शिकतात असं शेठजींना दिसलं तर तो तुझ्याकडे राहील. नाहीतर सोमवारी वर जाईल."

"वर म्हणजे दहावीला?"

"वर म्हणजे हायस्कूलच्या मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये. काचेच्या कपाटात. तू फक्त शनिवारचं बघ."

मी शनिवारची सगळी तयारी मिनिटांच्या हिशेबात मांडली. जानकी आणि तीन मुलं. चार गणितं. शुक्रवारी सगळं एकदा करून पाहिलं, कॅसेट टेपरेकॉर्डरमध्येच राहू दिली आणि दुपारी चारला खोलीला कुलूप लावून किल्ली गुणाजीला दिली.

शनिवारी साडेनऊला शेठजी आले. पांढरा सफारी, हातात पेढ्यांचा पुडा. चपलांचा नियम ऐकून त्यांनी बूट काढले आणि त्यांना तो फार आवडला. "मंदिरासारखं ठेवलंय, बाई!" मोठ्या बाई हसल्या. त्यांच्या मागे आमच्या संगीताच्या सुलक्षणाबाई, गुणाजी आणि माझी चार मुलं.

मी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. प्रोग्राम चढताना टीव्हीवर दिसतात ते पट्टे दिसेनात. मी एक मिनिट थांबले. कॅसेट मागे नेली, पुन्हा लावली. काही नाही.

"गरम व्हायला वेळ लागतो काय?" शेठजींनी विचारलं.

वायर सैल झाली असेल म्हणून मी टेपरेकॉर्डरची वायर उपसली. वायर निघाली की स्पीकर सुरू होतो. खोलीत पेटीचे सूर भरले आणि त्यामागून वीस मुलींचा आवाज आला. स्वागत असो, स्वागत असो, दानशूर पाहुण्यांचे स्वागत असो.

मी सुलक्षणाकडे पाहिलं. ती डोळे मिचकावून हसली.

"अरे वा!" शेठजी टाळ्या वाजवायला लागले. "गातो पण?"

"मुलींनी मेहनत घेतलीय हो," मोठ्या बाई म्हणाल्या. ते खरंच होतं, पण कॉम्प्युटर गात नाही असं त्या म्हणाल्या नाहीत.

मी सुलक्षणाला दाराशी ओढलं. "काय केलंस तू?"

"अगं, काल पाच वाजता गाणं भरायचं ठरलं. गुणाजीने टेप दिला, आत तुझी कॅसेट. लावून बघितली तर नुसतं किर्रर्र. दुसरी बाजू लावली, तिथेही तेच. म्हटलं, वाट लागली हिच्या कॅसेटची. तुझाच कार्यक्रम ना? मग तुझ्याच कॅसेटवर भरलं. एका बाजूला स्वागतगीत, दुसऱ्या बाजूला प्रार्थना."

"मी कॅसेटच्या मागचे तुकडे मोडले होते सुलक्षणा! रेकॉर्ड होऊ नये म्हणून!"

"ते होय? त्या भोकांवर चिकटपट्टी लावली. सगळेच लावतात." ती खरोखर गोंधळली होती. "का गं? काय होतं त्यात?"

राग तिच्यावर काढायला जागा नव्हती, कारण दोन प्रती एकाच कॅसेटच्या दोन बाजूंना मी ठेवल्या होत्या. लॅबमध्ये कुणी असं केलं असतं तर मीच हसले असते. प्रोग्राम माझ्या वहीत होता, एकशे बारा ओळी. टंकायला किमान पन्नास मिनिटं.

गाणं संपलं. शेठजी खूश होते. "मस्त. एकदम झकास. लहान मुलांकडेच राहू दे हा. सण-समारंभाला गायला लावा."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ स्पष्ट होता: मिळालं, आता गप्प बस.

मी गप्प बसायला हवं होतं.

"शेठजी, कॉम्प्युटर गात नाही. तो टेपरेकॉर्डर गातोय," मी म्हटलं. "कॉम्प्युटर अजून सुरूच झालेला नाही. मला पन्नास मिनिटं द्या, ही मुलं त्यावर वजाबाकी कशी करतात ते दाखवते."

शेठजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना घाटकोपरला लग्नाला जायचं होतं. त्यांचा चेहरा थोडा पडला. आपण टाळ्या कशाला वाजवल्या हे त्यांच्या लक्षात आलं असावं. मग ते जानकीपुढे वाकले.

"बेटा, तू सांग. ह्याच्यावर काय शिकलीस?"

जानकीने खाली पाहिलं. फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं. आम्ही सगळे वाट पाहत होतो.

"चपला बाहेर काढायच्या," ती म्हणाली.

शेठजी खोखो हसले, सगळेच हसले. मी फळा शोधला, तिला एक गणित घालावं म्हणून. फळा नव्हता. खडूची धूळ यंत्राला लागते म्हणून मोठ्या बाईंनी तो ऑगस्टमध्येच काढायला लावला होता.

"लहान पोरं आहेत, बाई," शेठजी बूट घालता घालता म्हणाले. "त्यांना खेळणंच ते. मोठ्यांना द्या."

ते गेल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "राहिला होता ना तुझ्याकडे? कशावरून राहिला याच्याशी तुला काय करायचं होतं?"

"फक्त गाण्यासाठी राहिला असता."

"शनिवारी गाण्यासाठी. सोमवारपासून तुझ्या वजाबाकीसाठी. एवढं साधं गणित तुला येत नाही?"



सोमवारी गुणाजी आणि हायस्कूलचा शिपाई कॉम्प्युटर वर घेऊन गेले. गुणाजीने जाताना कीबोर्डला हात लावून तो कपाळाला लावला. "बाई, जीव लावू नये मशिनीक," तो म्हणाला. "आमच्या गिरणीत चौदा साचे होते माझ्याकडे. कोण इचारता?"

तिसऱ्या तासाला गणित होतं. मी फळ्यावर बावन्न वजा अडतीस लिहिलं आणि रांगांतून फिरायला लागले. जानकीच्या पाटीवर सव्वीस होतं.

शनिवारपासून जे साचलं होतं ते सगळं तिच्या डोक्यावर पडलं. "जानकी! दोन आठवडे काय केलंस तू? डोळे आहेत की नाहीत? दोनातून आठ जातात का? सांग! जातात का?"

तिने फ्रॉकचं टोक धरलं. बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

"बाई," ती पाटीकडे बघत म्हणाली, "तो ओरडायचा नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मी त्या दिशेला पाहिलंही नाही. अकरा वेळा तिने चुकीचं बटण दाबलं होतं आणि अकरा वेळा त्या यंत्राने तिला तेच विचारलं होतं. पहिल्या आणि अकराव्या वेळेत काही फरक केला नव्हता. मी एका वेळेतच संपले होते.

मी तिच्या बाकावर बसले. तिच्या हातातली पाटी घेतली, सव्वीस पुसलं. वर दोन काड्या काढल्या, खाली आठ काढल्या आणि मध्ये प्रश्नचिन्ह. पाटी तिच्यापुढे धरली आणि काही बोलले नाही.

तिने पाटीकडे पाहिलं. मग एक बोट वर केलं. जातात.

मी वरच्या दोन काड्या पुसल्या. रिकामी जागा तिला दाखवली. थोडं थांबले आणि दोन काड्या परत काढल्या.